कोजागिरीला धूमकेतू

आमच्या सोसायटीने धूमकेतू बघण्याचा कार्यक्रम कोजागिरीला ठेवला होता. यात ज्यांना काही खटकलं नाही, त्यांनी आमच्या कमिटीवर यायला हरकत नाही. एक जागा रिकामी आहे.

आकाश बघायला अंधार लागतो, एवढं मला कळतं. तेवढंच कळतं, कारण लग्न झाल्यापासून जवळजवळ प्रत्येक अमावास्या मी नवऱ्याशिवाय काढली आहे. आमचे हे, म्हणजे भीमराज ओव्हाळ, टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनियर. दिवसा खातं सांभाळलं आणि रात्री तारे. मोठी दुर्बीण विकत घेणं कमीपणाचं वाटलं म्हणून तिचा आरसा घरीच घासायला घेतला, आणि मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत तो आरसा कित्येक महिने बाथरूममध्ये मुक्कामाला होता. आम्ही शेजाऱ्यांकडे आंघोळीला जायचो. दुर्बीण झाली मात्र झकास. माणसाच्या उंचीची, चांगली जाडजूड. तिला मी सवत म्हणते, आणि आमच्या घरातलं सगळ्यात मऊ फडकं तिच्यासाठी राखीव आहे.

लग्नानंतर लोक महाबळेश्वरला जातात. आम्ही मढला गेलो, तेही अमावास्येला, कारण तिथल्या किनाऱ्यावर तेव्हा दिवे नव्हते. मधुचंद्राला चंद्र नको असलेला अख्ख्या मुंबईत हा एकच माणूस होता आणि तो मला मिळाला. ह्यांनी तेव्हाची छोटी दुर्बीण लावली आणि म्हणाले, "बघ, शनी." मी डोळा लावला. काळोख, माझ्याच पापण्या आणि कानाशी डास. नवीन लग्न, माणूस एवढा उत्साहात. मी म्हणाले, "दिसला. छान आहे हो." झालं! "काय दिसलं? कडी कुठल्या बाजूला झुकलीय?" मी आपलं ठोकून दिलं, उजव्या. मग वाळूत उभं राहून ह्यांनी मला समजावून सांगितलं, की दिसलं नसताना दिसलं म्हणणं यासारखा विज्ञानात दुसरा गुन्हा नाही. समजावणं बराच वेळ चाललं. तेव्हापासून चौतीस वर्षं मी कुठल्याही दुर्बिणीला डोळा लावला नव्हता.

सोसायटीशी ह्यांचं असंच बिनसलं. मागे एका हिवाळ्यात गच्चीवर आकाशदर्शन ठेवलं होतं. डिसेंबर-जानेवारी म्हणजे आकाशाचा सीझन. मृग, रोहिणी, कृत्तिका, गुरू, सगळी मंडळी एकदम हजर. लोक रांगेने यायचे, डोळा लावायचे, "दिसला, दिसला, अमेझिंग!" म्हणायचे आणि चिवड्याकडे वळायचे. ह्यांना संशय आला. मधेच गुपचूप दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं. रांग तशीच पुढे सरकत राहिली आणि अमेझिंगही चालूच राहिलं. आमचा सेक्रेटरी चैतन्य सबनीस तर म्हणाला, "काका, गुरू काय क्लिअर आहे!" ह्यांनी सगळ्यांदेखत झाकण काढून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीला कुलूप लागलं. कारण दिलं, पाण्याच्या टाकीची सुरक्षा.

त्यानंतर ह्यांनी सबनीसशी बोलणं टाकलं. लिफ्टमध्ये दोघं भेटले तर हे जिन्याने जायचे. आणि मग त्या ऑक्टोबरात तो धूमकेतू आला, ऐंशी हजार वर्षांनी एकदा येणारा. पेपरात रोज फोटो. एके दिवशी हे उठले, शर्ट बदलला आणि जाऊन सबनीसची बेल वाजवली. विनंती करायला! का, ते फक्त मला ठाऊक होतं.

साखरेने ह्यांचा डावा डोळा आधीच खाल्ला होता. आता उजवा, म्हणजे दुर्बिणीचा डोळा, त्याच वाटेने निघाला होता. इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधली नजर जात राहील, कडेचं थोडं राहील. जे बघायचंय ते आत्ताच बघून घ्या." त्यांच्या मनात मुलीच्या घरी जाणं, नातवंडं असं काहीतरी असावं. ह्यांनी त्याचा अर्थ धूमकेतू असा घेतला. रिक्षात मला म्हणाले, "शकु, कुणाला सांगायचं नाही. हा एवढा एक बघतो, मग काय व्हायचं ते होऊ दे." आमच्या खिडकीतून समोरच्या विंगमधले वाळत घातलेले कपडे सोडून काही दिसत नाही. गच्ची हवीच होती.

"शुअर काका!" सबनीस म्हणाला. तो असल्या वेळी फार गोड बोलतो. "पण एकट्यासाठी गच्ची नाही उघडता येत, रूल आहे ना. आपण प्रोग्रॅमच करूया. कोजागिरीला मांडव, माईक, दूध, सगळं रेडी आहे. टू इन वन!"

"अरे, पौर्णिमा असेल. आधीच धूमकेतू पुसट, त्यात चंद्राचा उजेड..."

"मग उलट बरं ना काका! उजेड असला की सगळं क्लिअर दिसेल."

हे माझ्या नवऱ्याने ऐकून घेतलं. दुसरा दिवसही नव्हता. आधीचे सगळे दिवस परतीच्या पावसाने ढगांत घातले होते आणि कोजागिरीनंतर धूमकेतू विझत जाणार होता. हे घरी आले, मला सगळं सांगितलं आणि जेवायला बसले. सबनीसच्या अकलेबद्दल एक शब्द नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

कोजागिरीला आभाळ मात्र स्वच्छ निघालं. दुर्बीण वर चढवायची म्हणून मी सबनीसकडून गच्चीची किल्ली आणली, आणि दिवे लागायच्या आत आम्ही दोघांनी सवतीला पश्चिमेच्या कठड्याशी उभं केलं. त्या बाजूला पूर्वी डोंगर दिसायचा. आता त्याच्या पुढे रेल्वेपलीकडचा टॉवर आहे. अंधार पडला की धूमकेतू टॉवरच्या वर दिसणार आणि तासाभरात त्याच्या आड जाणार, एवढाच खेळ. ह्यांनी मला पुनःपुन्हा सांगितलं. शुक्र चमकेल, हात लांब करून त्याच्या उजवीकडे एक वीत मोजायची, मग जरा वर. आणि सरळ रोखून बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं, म्हणजे पुसट गोष्ट दिसते.

"मला कशाला सांगताय?"

"असू दे," म्हणाले.

इकडे मांडवात बॅनर लागला होता. त्यावर धूमकेतूपेक्षा कमिटीचे फोटो मोठे होते. खांबाला हॅलोजन बांधलेला, इतका जोरदार की त्याच्यापुढे कोजागिरीचा चंद्र फिका. ह्यांनी सबनीसला बाजूला घेऊन विचारलं, हा जरा बंद करता येईल का. "काका, व्हिडिओ शूटिंग आहे ना," तो म्हणाला. "अंधारात काय दिसणार?"

प्रमुख पाहुणे म्हणून चेंबूरहून एक ज्योतिषी आणले होते, शरच्चंद्रशास्त्री. "दोघांचंही फील्ड ग्रहताऱ्यांचंच ना," हा सबनीसचा हिशोब. आमच्या मुलीची पत्रिका मागणाऱ्या स्थळाला ज्यांनी चहाही न पाजता परत पाठवलं, त्या भीमराज ओव्हाळांना शास्त्रीबुवांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं गेलं. कारण हे सत्कारमूर्ती होते. हेही आम्हाला तिथेच कळलं.

मग कार्यक्रम सुरू झाला, म्हणजे दीपप्रज्वलन. गच्चीवरच्या वाऱ्यात समई पेटेना. पाहुण्यांनी वात लावली की वारा विझवायचा. अखेर सबनीसच्या बायकोने, माधुरीने, पदराचा आडोसा केला आणि फोटो निघेपर्यंत ज्योत कशीबशी टिकली. मग त्याच माधुरीचं स्वागतगीत, सगळ्या कडव्यांसकट. मग प्रास्ताविक, त्यात टाकीच्या दुरुस्तीचा आढावा. मग सत्कार. सत्कारमूर्तीला पळता येत नाही. एकदा अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला, की आभारप्रदर्शनापर्यंत कैद.

तोवर शुक्र कधीच चमकायला लागला होता. मी खुर्चीतून वीत मोजून पाहिली, पण हॅलोजनच्या उजेडात शुक्राशिवाय काही दिसलं तर शपथ. शास्त्रीबुवा बोलायला उभे राहिले. धूमकेतू राजाला जड, राज्याला जड आणि वृश्चिक राशीला फारच जड. तेव्हा शक्यतो त्याच्याकडे टक लावून पाहू नये. कार्यक्रम बघण्याचा होता आणि पाहुणे न बघण्याचे फायदे सांगत होते. लोक माना डोलवत होते. मग शास्त्रीबुवा एकेक रास घेऊन निघाले, मेषेपासून.

ह्यांची मान सारखी पश्चिमेकडे वळत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या जरा बाजूला बघितलं. हल्ली ते असंच बघतात, तरच मी दिसते. माझा भांडकुदळ माणूस, ज्याने रस्त्यावरच्या दिव्यांवरून महापालिकेला सळो की पळो केलं, तो मांडीवर नारळ घेऊन गुपचूप बसला होता. भांडला असता तर मला चाललं असतं. पण त्याने ह्या लोकांकडे भीक मागितल्यासारखं तोंड केलं होतं, आणि ते मला सहन झालं नाही. माझं डोकं फिरलं.

मी आयुष्यभर पालिकेच्या शाळेत शिकवलंय. पाहुणा थांबत नसेल तर काय करायचं, हे आम्हा बायांना सांगावं लागत नाही. तो श्वास घ्यायला थांबला की जोरात टाळ्या वाजवायच्या. मागोमाग सगळे वाजवतात, आणि पाहुण्यालाही वाटतं, संपलं वाटतं आपलं. शास्त्रीबुवांनी कर्केवरून सिंहेवर जाताना श्वास घेतला. मी टाळी दिली. गच्चीभर कडकडाट झाला. लोक बहुधा वाटच बघत होते. मी स्टेजवर जाऊन माईक घेतला, एका दमात सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाले, "दूध तयार आहे, पलीकडच्या कोपऱ्यात. बदाम संपायच्या आत घ्या."

अख्खी सोसायटी उठली. ऐंशी हजार वर्षांनी येणाऱ्यासाठी जी घाई नव्हती, ती बदामासाठी होती. मी खांबाशी गेले आणि हॅलोजनची पिन उपटली.

हे स्टेजवरून उतरत होते, तेवढ्यात सबनीसने पकडलं. "काका, एक फोटो! शाल नीट घ्या." मोबाइलचे फ्लॅश उडायला लागले. धूमकेतू टॉवरला टेकत आला असणार, हे मला कळत होतं. शोधायलाच वेळ गेला तर ह्यांच्या हाती काही लागणार नव्हतं. मग मीच दुर्बिणीपाशी गेले.

शुक्र. उजवीकडे एक वीत. जरा वर. नळी इंचभर इकडे, इंचभर तिकडे. नुसता राखाडी उजेड. सरळ रोखून बघितलं, काही नाही. मग ह्यांचं ऐकलं आणि किंचित बाजूला बघितलं. आणि तो होता. अगदी पुसट. पाटीवरचा खडू ओल्या बोळ्याने अर्धवट पुसावा, तसा ठिपका, आणि त्याच्यापासून खाली उतरलेला फिकट फराटा. सरळ बघितलं की जायचा, बाजूला बघितलं की यायचा. एवढ्याशासाठी ह्या माणसाने जन्म घालवला, असं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं, मी इतकी वर्षं का नाही बघितलं?

"अहो! लवकर या!" मी ओरडले.

हे आले, धावत, नारळासकट. आंधळ्या बाजूचा स्टँडचा पाय दिसला नाही, अडखळले. मी हात धरला. खांद्यावरची शाल नळीवर पडली, ती मी ओढून काढली. ह्यांनी डोळा लावला. आम्ही दोघंच नव्हतो. दुधाचा ग्लास घेऊन सबनीस मागे येऊन उभा राहिला होता, माधुरी होती, आणखी चार जण होते.

हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वा!"

"दिसला काका?" सबनीस म्हणाला. त्याला झाकण विसरता आलं नव्हतं. "काय दिसलं? शेपूट कुठल्या बाजूला आहे?"

"खाली," हे म्हणाले. "किंचित उजवीकडे. आरशाच्या दुर्बिणीत उलटं दिसतं, म्हणून खाली. आणि काय लख्ख आहे रे! एवढा चंद्र असून लख्ख!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सबनीससुद्धा वरमला. शेपूट खालीच होती, किंचित उजवीकडेच होती. पण लख्ख? "काय लख्ख आहे रे" म्हणताना ह्यांचा सूर मला ओळखीचा वाटला. मढच्या वाळूत मी "छान आहे हो" म्हणाले होते, त्याच सुरात.

"बघू, मी बघते," म्हणत मी सबनीसच्या आधी पुढे घुसले.

शाल ओढताना नळी खाली झुकली होती. दुर्बिणीत टॉवरची एक बाल्कनी होती. ट्यूबलाइटचा लख्ख उजेड आणि दोरीवर निळ्या पट्ट्यांचा टॉवेल, उलटा. शेपटीची बाजू ह्यांनी गणिताने सांगितली होती. ती त्यांना झोपेतही सांगता आली असती. पण डोळ्यासमोर धूमकेतू आहे की टॉवेल, हे त्यांना कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पुढे तो डोळा गेला होता, आणि हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं.

"आंटी, मला बघू द्या ना," सबनीस म्हणाला.

मी नळीला हात घातला आणि तिला पूर्वेला फिरवलं. "धूमकेतू गेला टॉवरमागे. भाषणं ऐकत बसलात ना? आता चंद्र बघ."

त्याने डोळा लावला. "वा काका, काय क्लिअर आहे!" या वेळी ते खरं होतं.

लोक चंद्र बघत होते, तेवढ्यात मी ह्यांना टाकीच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि बिनसाखरेचं दूध हातात दिलं. ह्यांनी ते प्यायलं नाही. मांडीवर नारळ, खांद्यावर शाल. हळूच म्हणाले, "शकु, तिथे काय होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं. पण ह्यांच्यासमोर ते एकदाच केलं होतं आणि त्याची शिक्षा भोगून झाली होती.

"टॉवेल," मी म्हटलं. "टॉवरमधल्या कुणाचातरी. निळ्या पट्ट्यांचा."

ह्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. "सबनीसला झाकण दिलं," म्हणाले, "आणि मला टॉवेल." हसता हसता त्यांचा आवाज फाटला. मी शालीचं टोक पुढे केलं. त्या शालीचा तेवढाच उपयोग झाला.

"मला मधलं काहीच दिसत नाही गं. महिना झाला." मग, "तू पाहिलास?"

"पाहिला."

"काय दिसलं?"

तोच प्रश्न, तोच परीक्षकाचा सूर. मी सगळं सांगितलं. पुसट होता. सरळ बघितलं की जायचा. डोकं गोल नव्हतं, एका बाजूने विरलेलं. शेपूट खाली, किंचित उजवीकडे, पेपरातल्या फोटोच्या पावपटही नाही. रंग? रंग नव्हता, असं मी म्हटलं. थोडा पिवळट असेल, पण तो चंद्राचा की त्याचा, ते मला सांगता येणार नाही. हे मान खाली घालून ऐकत होते. अडवलं नाही, खोडलं नाही.

"आणखी?" म्हणाले.

"आणखी काही नाही. जे दिसलं ते सांगितलं."

"बरोबर," हे म्हणाले आणि दुधाचा घोट घेतला. "डिसेंबरात गुरू वर येईल. मग मृग. आणि येत्या मार्चात शनीची कडी आडवी होऊन दिसेनाशी होते, त्याच्या आधी ती बघून घे. मला सांग."

"कुठल्या बाजूला झुकलीय ते?"

"हो," म्हणाले.

सबनीसने त्यानंतर दोनदा माणूस पाठवला. गच्चीची किल्ली मी अजून परत दिलेली नाही.